महोगनीची आपल्या डोंगरातली भावंडं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात वाळपईच्या पलीकडे दीड एकर जमीन, वरच्या अंगाला काजू, खाली कुळागर म्हणजे सुपारीची बाग, मध्ये मोकळा उतार. रोपवाटिकेवाल्याने महोगनीची चाळीस रोपं गळ्यात मारली आहेत आणि बारा वर्षांत लाखो रुपये होतील असं सांगितलंय. घरात आजीचं एक तांबूस लाकडाचं कपाट आहे. घरचे त्याला मोग्नूचं कपाट म्हणतात. मागची फळी एका हाताने उचलता येते, आणि खण बरेच दिवस बंद राहिला की उघडताना अजून गोडसर वास येतो. हे लाकूड महोगनीच का? महोगनीच्या कुळातली दुसरी कुठली झाडं आपल्याकडे होतात, आणि ती लावावीत का?

मी फोंड्याला पस्तीस वर्षं लाकडात आहे. बहुतेक काम जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं. गेली अठरा वर्षं सत्तरीतच थोड्या जमिनीवर झाडंही लावतोय. त्यामुळे दोन्ही बाजूंनी उत्तर देतो.

आधी कपाट. खरी महोगनी म्हणजे स्वीटेनिया. तिच्या तीनच जाती, आणि तिन्ही अमेरिकेतल्या: कॅरिबियन बेटं, मध्य अमेरिका, ॲमेझॉनचं खोरं. लहान पानांची जात 1795 मध्ये जमैकाहून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. मोठ्या पानांची जात भारतात पोचली 1872 मध्ये. आज रोपवाटिकेत मिळते ती ही मोठ्या पानांची. मोग्नू हा पोर्तुगीज शब्द. आपल्या जुन्या घरांत कुठल्याही तांबूस, गुळगुळीत लाकडाला तो चिकटलेला आहे. माझ्या हाताखालून गेलेली गोव्यातली बहुतेक जुनी कपाटं, पेटारे, खुर्च्या सागवानाच्या किंवा शिसवीच्या निघाल्या. काही फणसाच्या. 'मोग्नू' म्हणून आलेल्यांतली पुष्कळ निघाली तुनीची, म्हणजे महोगनीच्याच कुळातल्या तून या आपल्या रानातल्या झाडाची.

तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतं. वजनाला हलकं, रंग विटकरी, आणि वास. महोगनी जुनी झाली की तिला असा वास राहत नाही. तून मात्र पन्नास वर्षांनीही रंधा मारला की दुकानभर दरवळते. तरी वासावर निर्णय देऊ नका. खणाच्या तळाची फळी बाहेर काढा, तिचं टोक धारदार पटाशीने अंगठ्याच्या नखाएवढं स्वच्छ तासा, थोडं पाणी लावा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग धरून उजेडात बघा. तुनीत वर्षाची वर्तुळं साध्या डोळ्यांनाही दिसतात, कारण वर्षाच्या सुरुवातीला आलेली छिद्रं मोठी आणि एका ओळीत असतात, पुढची लहान होत जातात. महोगनीत छिद्रं सगळीकडे साधारण सारखीच विखुरलेली असतात आणि मधूनमधून फिकट रंगाची बारीक, अखंड रेघ जाते. महोगनीची आणखी एक खूण फळीच्या चेहऱ्यावर सापडते. नीट रंधलेल्या फळीवर उजेड तिरपा पाडला तर वाळूवर लाटा उमटाव्यात तशा अगदी बारीक आडव्या रेघा दिसतात. आफ्रिकेतून येणाऱ्या खाया नावाच्या लाकडात त्या सहसा नसतात. बाजारात तेही महोगनी म्हणून विकतात. ते निदान त्याच कुळातलं तरी आहे. मलेशियाची मेरांती तर त्या कुळातलीसुद्धा नाही. तिच्या टोकावर भिंग धरलं की राळेचे पांढरे ठिपके गोलाकार रांगेत बसलेले दिसतात. एकदा बघितले की पुन्हा फसत नाही.

कपाट तुनीचं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. तून कमी प्रतीचं लाकूड नाही. मिरजेचे तंबोरे आणि सतारी पिढ्यान्‌पिढ्या ज्या लाकडातून घडतात ते हेच, कर्नाटकच्या जंगलातून येणारं तांबडं देवदार म्हणून ओळखलं जाणारं. आपल्याकडे देवळांत भजनाला जो तंबोरा वाजतो त्याची दांडी बहुधा तुनीची असते. ऑस्ट्रेलियात याच झाडाला तांबडं सोनं म्हणत, आणि एकोणिसाव्या शतकात ते किनाऱ्याच्या जंगलांतून जवळजवळ संपवून टाकलं.

आता कुळ. महोगनी, तून, कडुनिंब, बकाण निंब ही सगळी एकाच कुळातली, निंबाच्या. त्या कुळाचे दोन मोठे फाटे आहेत, आणि तुमच्यासारख्या जमीनवाल्याने हे दोन फाटे लक्षात ठेवावेत, कारण पुढचा सगळा व्यवहार त्यावरच ठरतो. एका फाट्यातली झाडं बी वाऱ्यावर सोडतात. फळ म्हणजे लाकडी बोंड, उन्हात तडकतं आणि आतून पंख असलेलं चपटं बी उडतं. महोगनी, तून, चिक्रासी, घाटावरचं रोहण ही या फाट्यातली. दुसऱ्या फाट्यातली झाडं बी पक्ष्यांच्या आणि जनावरांच्या स्वाधीन करतात, म्हणजे त्यांच्या फळाला गर असतो किंवा बीवर रंगीत मांसल आवरण असतं. कडुनिंब, निंबारा आणि घाटातल्या डिसोझायलमच्या जाती या फाट्यात. म्हादई-नेत्रावळीच्या रानात धनेश ज्या झाडांवर फळं खायला येतात त्यांत या फाट्यातली काही झाडं असतात.

पहिला फाटा महोगनीच्या किती जवळचा आहे ते जुन्या वनस्पतितज्ज्ञांनाही लगेच जाणवलं होतं. रॉक्सबर्गने रोहण आणि चिक्रासी या दोन्ही झाडांना थेट स्वीटेनियातच घातलं होतं. नंतर दोघांना वेगळी नावं मिळाली. रोहण कोरड्या प्रदेशातलं, खानदेश-विदर्भाकडचं. लाकूड फार टणक आणि जड, साल तापावर वापरत. आपल्या पावसात ते लावण्यात अर्थ नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

तुनीला मराठीत कुरक आणि देवदारीही म्हणतात. गावोगावी नाव बदलतं, म्हणून नावापेक्षा झाड ओळखायला शिका. पान मोठं, पिसासारखं, दहा-पंधरा जोड्या पर्णिका. हिवाळ्यात झाड उघडं पडतं, माघ-फाल्गुनात पांढरट बारीक फुलांचे लांब घोस लोंबतात, त्यांना मधाचा वास येतो आणि खाली मधमाश्यांचा आवाज ऐकू येतो. फुलांपासून पूर्वी पिवळा-तांबडा रंग काढत. बोंड जेमतेम इंचभर, पाच पाकळ्यांनी उघडतं आणि वाळल्यावर लाकडी फुलासारखं दिसतं. बी हातावर घेऊन बघा, तुनीच्या बीला दोन्ही टोकांना पंख असतो. महोगनीचं बोंड वेगळंच. मुठीपेक्षा मोठं, फांदीवर ताठ उभं, आणि तडकतं ते बुडाकडून. बीला पंख एकाच बाजूला. महोगनीचं हे बी मधुमेहावर औषध म्हणून फिरतं, लोक कडू बी चावून खातात. ते करू नका. यकृताला आणि मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

चिक्रासी हे नाव बंगालकडून आलं. चितगावचं लाकूड म्हणून ते व्यापारात प्रसिद्ध. आपल्यापासून दक्षिणेला, कर्नाटक-केरळच्या घाटात ते मूळचंच आहे. कानडीत तुनीला गंधगरिगे म्हणतात आणि चिक्रासीला कल्गरिगे. गंध म्हणजे सुवास, कल्लु म्हणजे दगड. ज्याने ही नावं ठेवली त्याने दोन्ही लाकडांना हत्यार लावलेलं असणार. तुनीचं घनमीटरभर कोरडं लाकूड साधारण पाचशे किलो भरतं, चिक्रासीचं साडेसहाशेच्या आसपास. महोगनी या दोघांच्या मध्ये. चिक्रासीला रेशमासारखी झाक असते, नस उलटसुलट जाते, त्यामुळे रंध्याचं पातं बोथट असेल तर फळी ओरबाडते. पण पातं परजून, बारीक तास घेऊन काम केलं तर मला तरी ती महोगनीपेक्षा देखणी वाटते. खुर्चीच्या पाठीला, टेबलाच्या वरच्या फळीला मी शक्यतो चिक्रासीच शोधतो. गोव्यात ती सहज मिळत नाही ही खंत आहे.

लागवडीकडे येतो. यात मी स्वतः नुकसान सोसलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी मी एका रोपवाटिकेच्या सल्ल्याने दोनशे महोगनी आणि पन्नास तुनी एकाच मोकळ्या उतारावर, भर उन्हात, दोन-दोन मीटरवर लावल्या. पहिला पावसाळा सुरेख गेला, रोपं कमरेपर्यंत आली. दुसऱ्या वर्षी मिरगाचा पाऊस पडून कोवळी फूट आली आणि पंधरवड्यात शेंडे माना टाकू लागले. मला वाटलं पाणी साचलं असेल. एक शेंडा कापून चाकूने उभा चिरला तर आत मऊ गर पोखरून नळी झालेली, नळीत तपकिरी भुसा, भुशाला जाळं, आणि तळाशी बोटाच्या पेराएवढी अळी. बाहेरून फक्त एक भोक आणि त्याच्या तोंडाशी चिकट भुशाची गुठळी. त्या महिन्यात मी मोजलं, अडीचशेपैकी एकशे नव्वद शेंडे गेले होते. शेंडा मेला की झाड खालून तीन-चार फुटवे काढतं, पुढच्या वर्षी पुन्हा त्यांचे शेंडे जातात. पाच वर्षांनी माझ्याकडे झुडपं होती. सरळ बुंधा नसेल तर फळी निघत नाही, आणि फळी निघत नसेल तर झाड महोगनी असो वा आणखी काही, सरपणच.

ही शेंडा पोखरणारी अळी म्हणजे हिप्सिपिला. आपल्याकडे, आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात तिची एक जात, अमेरिकेत दुसरी. तिला खाद्य म्हणून हवा असतो तो निंबकुळाचा हाच पहिला फाटा. महोगनी अमेरिकेतून आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वी आली, पण आपल्या जंगलातल्या तुनीवर जगणाऱ्या अळीने तिला लगेच ओळखलं. म्हणूनच मी वर कुळाबद्दल एवढं लिहिलं. तून, चिक्रासी आणि महोगनी एकत्र लावणं म्हणजे मिश्र लागवड, असं समजू नका. त्या अळीच्या दृष्टीने ते एकच शेत आहे. याचीच दुसरी बाजू म्हणजे फिजी. महोगनीच्या जगातल्या मोठ्या लागवडींपैकी एक तिथे उभी राहिली, याचं एक मोठं कारण म्हणजे त्या बेटांवर ही अळी नाही. ऑस्ट्रेलियात मात्र तुनीच्या शुद्ध लागवडी या अळीपुढे वारंवार फसल्या. फिजीचे फोटो दाखवून तुम्हाला कोणी रोपं विकत असेल तर त्याला अळीबद्दल विचारा.

फवारणीचा फार उपयोग होत नाही. अळी शेंड्याच्या आत शिरल्यावर वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही, आणि आपल्या पावसात पानावर काय टिकणार? माझ्या अनुभवात उपयोगी पडल्या त्या सावली, दाटी आणि चाकू.

सावली म्हणजे रोप पूर्ण उन्हात नको. वरून अर्धं ऊन मिळेल आणि चारी बाजूंनी दुसरी झाडं असतील अशी जागा. बाजूची झाडं निंबकुळातली नकोत. किंदळ, माट्टी, फणस, काजू, काहीही चालेल. अशा जागी रोप हळू वाढतं, पण उजेडासाठी सरळ वर जातं, फुटवा फुटला तरी एकच वर राहतो, आणि या अळीच्या पतंगाला कोवळा शेंडा शोधणं अवघड होतं. रानात तून अशीच उगवते, कोसळलेल्या झाडाने केलेल्या मोकळ्या जागेत, दाटीतून वर. माझ्या जमिनीत आज उभ्या असलेल्या चांगल्या तुनी कुळागराच्या वरच्या बांधावरच्या आहेत, जिथे मी त्या रोपं उरली म्हणून टोचल्या होत्या. एकीचा घेर आता माझ्या कवेत मावत नाही. हिवाळ्यात तिची पानं गळतात तेव्हा सुपारीला ऊन मिळतं, उन्हाळ्यात फूट आली की सावली. तिच्या बुंध्यावर मिरी चढवलीय. कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत तून सावलीसाठी ठेवतात ती उगीच नाही.

चाकूचं काम पावसाळ्यात. मिरग ते चवथ या काळात दर आठ दिवसांनी प्रत्येक रोपाचा शेंडा बघा. सुकलेला दिसला तर जिथे भोक आहे त्याच्या खाली, निरोगी पांढरा गर दिसेपर्यंत कापा. कापलेला तुकडा तिथेच टाकू नका, जाळा, नाहीतर अळी त्यातच कोश करून बाहेर येते. मग फुटवे आले की सगळ्यांत सरळ एक ठेवून बाकी खुडा. हे आयुष्यभर करायचं नाही. बुंधा चार मीटर सरळ झाला की पुढे शेंडा गेला तरी फळीचं फार नुकसान होत नाही. सावलीतल्या झाडाला तिथवर पोचायला माझ्याकडे सहा-सात वर्षं लागली.

बारा वर्षांत लाखो रुपये, याबद्दल स्पष्ट सांगतो. बारा वर्षांची महोगनी मी कापून पाहिली आहे. बाहेरचं पांढरं लाकूडच जास्त, तांबूस गाभा मनगटाएवढा, रंग फिकट, वजन हलकं. जुन्या रानटी महोगनीचं जे नाव आहे ते शंभर-शंभर वर्षं वाढलेल्या झाडांचं. पंचवीस-तीस वर्षांच्या आत मी तरी तिच्याकडून फर्निचरच्या फळीची अपेक्षा धरणार नाही. ज्यांना दहा वर्षांत पैसे हवेत त्यांनी या फाट्याकडे येऊच नये. त्यांच्यासाठी दुसऱ्या फाट्यातला निंबारा आहे, ज्याला काही भागांत कडू खजूर म्हणतात. आपल्या घाटातलाच. सरळ वाढतो, भराभर वाढतो, शेंडा पोखरणारी ही अळी त्याच्या वाटेला जात नाही, आणि सात-आठ वर्षांत प्लायवूडला जातो. लाकूड मऊ आणि हलकं. कपाट करायला घेऊ नका, पण पेट्या, फळ्या, प्लायवूडचे थर यांना उत्तम. त्याच्या बीची अडचण मात्र मोठी आहे. आठळी दगडासारखी कठीण, उगवण फार कमी. शेळ्यांनी फळं खाऊन रवंथ करताना टाकलेल्या आठळ्या जास्त उगवतात, असा पुष्कळ शेतकऱ्यांचा अनुभव आहे, माझाही. गोठ्याजवळ त्या गोळा करून ठेवल्या तर रोपं विकत घ्यावी लागत नाहीत.

दुसऱ्या फाट्यातल्या डिसोझायलमच्या दोन जातींबद्दल एवढंच. एक पांढरं देवदार, कानडीत बिळी देवदारी. फक्त पश्चिम घाटात होतं, लाकडाला सुवास, कोडगूच्या देवरायांमध्ये मोठी झाडं टिकून आहेत. दुसरीच्या सालीत रोहिटुकीन नावाचं द्रव्य सापडलं आणि त्यावरून कर्करोगावरच्या औषधाचा एक रेणू तयार झाला. साल ओरबाडून झाडं मरतात. तुमच्या गावच्या देवराईत असं एखादं झाड असेल तर त्याला हात लावू नका, कोणाला लावू देऊ नका. फळं पडली तर तेवढी गोळा करा. त्यांचं बी सुकलं की उगवत नाही, ओलं असतानाच पेरावं लागतं.

कायद्याबद्दलही आधीच सांगून ठेवतो. गोव्यात 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली स्वतःच्या जमिनीतलं झाड पाडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. लावताना प्रत्येक झाडाची नोंद, तारीख आणि फोटो ठेवा, म्हणजे पंचवीस वर्षांनी तुमच्या मुलांना ते आपण लावलेलं आहे हे दाखवता येईल. अभयारण्याच्या हद्दीतून बी-रोप काहीही आणू नका.

आता तुमच्या चाळीस रोपांचं काय करायचं? टाकू नका. मोकळ्या उतारावर एका ठिकाणी लावू नका. काजूच्या रांगांच्या कडेने, कुळागराच्या वरच्या बांधावर, एकेक सुटं, एकमेकांपासून निदान दहा-बारा मीटरवर लावा. जागा पुरली नाही तर शेजाऱ्याला द्या. मधल्या उतारावर आधी माट्टी, किंदळ, फणस येऊ द्या. चार-पाच वर्षांनी त्यांची सावली झाली की त्यांच्यामध्ये तुनी टोचा. बी आपल्याच भागातल्या झाडाचं घ्या. तुनीचं बोंड मे महिन्यात, हिरव्याचं तपकिरी होऊ लागलं की फांदीवरून काढायचं. एकदा उघडलं की वाऱ्याने बी जातं. दोन दिवस उन्हात कागदावर पसरा, ती आपोआप उघडतात. बी फार दिवस टिकत नाही, म्हणून त्याच आठवड्यात बारीक मातीत पेरा, वर नखभर जाडीची माती, त्यावर सुक्या गवताची सावली. पहिला जोराचा पाऊस थेट वाफ्यावर पडू देऊ नका.